पोपटांचा मागोवा

पोपट हा आपल्या इतक्या परिचयाचा पक्षी आहे कीं, त्याच्याविषयीं आपणांस कांहीं नवें शिकावयाचें उरलें असेल, ही गोष्ट सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. पैठणीच्या पदरावर तो आहे, पाळण्यावरच्या खेळण्यांत तो आहे, आणि ज्वारीच्या कणसांवर व पेरूच्या बागेंतहि तो आहेच. शेतकऱ्याची गोफण त्याला चांगली ओळखते. संध्याकाळीं गच्चीवर जाऊन उभें राहावें, तों पोपटांचे थवे कलकलाट करीत एकाच दिशेनें रात्रीच्या मुक्कामाला जातांना दिसतात. ते कोठून आले, कोठें चालले, दोन महिन्यांनीं याच वाटेनें जातील काय, असे प्रश्न आपण विचारीत नाहीं. विचारण्याचें कारणहि पडत नाहीं; कारण आपला पोपट पिकापाण्याच्या मागें आसपास हिंडत असला, तरी ऋतु पालटला म्हणून मुलूख सोडून दूर देशीं जाणारा नव्हे. जगांतील पोपटांच्या सुमारें ४०० जातींपैकीं बहुतेकांची रीत हीच आहे.

परंतु या रीतीला अपवाद आहेत. ऋतुमानाप्रमाणें दरवर्षीं समुद्र ओलांडून ये-जा करणाऱ्या पोपटांच्या जाति जगांत अवघ्या तीन मानल्या जातात, आणि त्या तिन्ही ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागांतल्या आहेत. त्यांपैकीं एका जातीचा माग घेण्याचें काम तिकडील सामान्य नागरिक कसें करीत आहेत, आणि तें त्यांनींच कां करावें लागतें, हें आज आपणांस सांगावयाचें आहे.

या पोपटाला इंग्रजींत 'स्विफ्ट पॅरट' म्हणतात. आपण त्याला चपळ पोपट म्हणूं. लांबी सुमारें २५ सेंटिमीटर आणि वजन सुमारें ६५ ग्रॅम. म्हणजे आपल्या नेहमींच्या पोपटाच्या मानानें हा बराच लहान आहे. अंग हिरवेंगार, चोंचीभोंवतीं तांबडा रंग, माथ्यावर निळसर झांक, पंखांच्या आंतल्या बाजूस लाल डाग, आणि शेंपूट लांब व निमुळती. आपला पोपट दाणे फोडतो व फळें कुरतडतो. या पोपटाच्या जिभेच्या टोकाला मात्र कुंचल्यासारखे बारीक तंतु असतात, आणि त्यांच्या साहाय्यानें तो फुलांतील मकरंद टिपून घेतो. याखेरीज झाडांच्या पानांवर कांहीं सूक्ष्म कीटक आपल्या अंगावर साखरेसारखें गोड कवच तयार करितात, तेंहि तो आवडीनें खातो. सारांश, हा दाण्याचा नव्हे, फुलांचा पोपट आहे. आणि त्याच्या सर्व भटकंतीचें मूळ या एका गोष्टींत आहे.

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेस टास्मानिया नांवाचें मोठें बेट आहे. चपळ पोपटाची वीण या बेटावर आणि त्याच्या लगतच्या लहान बेटांवरच होते. जगांत दुसरीकडे कोठेंहि होत नाहीं. तेथील ऋतु आपल्या उलट असल्यामुळें सप्टेंबरापासून जानेवारीपर्यंतचा काळ हा वसंताचा व उन्हाळ्याचा. त्या वेळीं ही पांखरें जुन्या वृक्षांच्या ढोलींत अंडीं घालतात. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत तीं उत्तरेकडे निघतात, सुमारें २४० किलोमीटर रुंदीची बास सामुद्रधुनी ओलांडतात, आणि व्हिक्टोरिया व न्यू साउथ वेल्स या प्रांतांतील जंगलांत पसरतात. हिवाळा तेथें काढून ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास तीं पुन्हां टास्मानियांत परततात.

येथवर ऐकून कोणालाहि वाटेल कीं, जाण्याची वेळ ठाऊक, येण्याची वेळ ठाऊक, मग माग घ्यावयाचा तो कशाचा? अडचण पुढेंच आहे. हिंवाळ्यांत आपल्या पाणथळ जागीं येणारीं बदकें बहुधा त्याच तळ्यावर पुन्हां पुन्हां येतात. चपळ पोपटाचें तसें नाहीं. तो ठिकाणाशीं बांधलेला नसून फुलोऱ्याशीं बांधलेला आहे. आणि फुलोरा तर दरवर्षीं जागा बदलतो.

टास्मानियांत त्याचें मुख्य आश्रयस्थान म्हणजे 'ब्लू गम' नांवाचा वृक्ष. हें नांव आपणांस परकें वाटलें, तरी वृक्ष तसा परका नाहीं. एकोणिसाव्या शतकांत इंग्रजांनीं हीं झाडें दक्षिणेंतील निलगिरी पर्वतावर आणून लावलीं, पुढें त्या पर्वताचेंच नांव आपण झाडाला दिलें, आणि आज सर्दी झाली म्हणजे घरोघरीं जी तेलाची बाटली शोधली जाते, तीहि याच नांवाची असते. त्या निलगिरीच्या फुलांवर या पोपटाची पुढील पिढी पोसली जाते. पण निलगिरीचा स्वभाव आपल्या आंब्यासारखा आहे. एका वर्षीं झाड बहरानें लवून जाईल, तर पुढल्या वर्षीं त्याच झाडावर फूल शोधावें लागेल. एका खोऱ्यांत बहर आला, तर दुसरें खोरें सुनें राहील. म्हणून पांखरांची वीणहि गेल्या वर्षीं जेथें झाली तेथेंच यंदा होईल, असा नेम नसतो. जेथें फुलें आणि ढोली असलेले जुने वृक्ष जवळजवळ सांपडतील, तेथें त्या वर्षापुरतें त्यांचें गांव वसतें.

मुख्य भूमीवर गेल्यावर हा प्रश्न याहून अवघड होतो. तेथें निरनिराळ्या जातींचे निलगिरी-वृक्ष शेंकडों मैलांच्या टापूंत पसरलेले आहेत, आणि कोणत्या जातीला कोठें व केव्हां बहर येईल, हें पाऊसमानावर अवलंबून असतें. आंतल्या भागांत चांगला फुलोरा असला, तर पोपट तेथें राहतात. अवर्षण पडलें आणि आंतली जंगलें कोरडीं राहिलीं, तर ते किनाऱ्यालगतच्या जंगलांचा आसरा घेतात. एखाद्या रानांत चार हिवाळे एकहि पांखरूं दिसूं नये, आणि पांचव्या हिवाळ्यांत तेंच रान त्यांचा प्राण वांचवील, असें घडूं शकतें.

आतां कोणी विचारील, पक्ष्याच्या अंगावर एखादें यंत्र बसवून त्याचा माग कां घेऊं नये? हा प्रश्न रास्त आहे, आणि तसे प्रयत्न झालेहि आहेत. परंतु उडणाऱ्या पक्ष्यावर त्याच्या वजनाच्या तीन ते पांच टक्क्यांहून अधिक भार घालूं नये, असा अभ्यासकांचा सर्वसाधारण संकेत आहे. ६५ ग्रॅमच्या पांखराच्या बाबतींत हा भार दोन-तीन ग्रॅमचा होतो. एवढ्या हलक्या यंत्रांत दीर्घकाळ टिकणारी शक्ति सांठविणें कठीण; शिवाय पोपटाची चोंच म्हणजे जातीचा अडकित्ता, अंगावर बांधलेली वस्तु तो कुरतडल्यावांचून राहत नाहीं. आणि यंत्र टिकलें, तरी तें त्या एका पांखराची कथा सांगेल. बाकीचे सर्व कोठें आहेत, हें सांगणार नाहीं. मोजक्या शास्त्रज्ञांनीं हिवाळाभर पायपीट केली, तरी त्या अफाट रानाचा एक कोपराहि त्यांच्यानें पुरा होणार नाहीं. एकाच वेळीं शेंकडों ठिकाणीं डोळे असावयास हवेत. असे डोळे लोकांपाशींच असतात.

म्हणून गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून तिकडे एक पद्धति रूढ झाली आहे. बर्डलाइफ ऑस्ट्रेलिया ही पक्षिप्रेमी नागरिकांची संस्था आहे. तिची परंपरा १९०१ सालीं स्थापन झालेल्या पक्षिशास्त्रीय संघापर्यंत मागें जाते. या संस्थेच्या विद्यमानें दर हिवाळ्यांत दोनदां, मे महिन्यांत व ऑगस्ट महिन्यांत, ठराविक दिवसांच्या सुमारास स्वयंसेवक रानांत जातात. त्यांत शिक्षक असतात, निवृत्त कारकून असतात, शेतकरी असतात, विद्यार्थी असतात. प्रत्येकानें नेमून दिलेल्या जागीं उभें राहावयाचें, ठरलेला वेळ आजूबाजूस पाहावयाचें व कान देऊन ऐकावयाचें, आणि टिपण करावयाचें. चपळ पोपट दिसले काय? किती दिसले? कोणत्या झाडावर? झाडाला बहर कितपत होता? मकरंदावर येणारे दुसरे कोणते पक्षी तेथें होते? आतां हीं टिपणें भ्रमणध्वनीवरूनहि पाठवितां येतात. पण त्यामुळें थंडींत उभें राहण्याचे श्रम कांहीं वांचत नाहींत.

या कामांतील खरी मौज, आणि खरी कसोटीहि, अशी कीं, बहुसंख्य स्वयंसेवकांना बहुतेक वेळां एकहि चपळ पोपट दिसत नाहीं. पहांटे उठून, कित्येक मैल मोटार हांकून जावें, बोटें बधिर होईपर्यंत दुर्बीण धरावी, आणि वहींत शेवटीं 'एकहि नाहीं' असें लिहावें! नवख्या माणसाला वाटतें, आपला दिवस फुकट गेला. तो हें टिपण पाठविण्याचीहि तसदी घेत नाहीं. वस्तुतः सर्वांत मोठी चूक होते ती येथेंच. पोपट दिसल्याचीच तेवढी पत्रें आलीं आणि न दिसल्याचीं आलींच नाहींत, तर नकाशावर केवळ ठिपके उरतात. कोऱ्या जागीं पोपट नव्हते कीं तेथें कोणी गेलेंच नव्हतें, हें कळावयास मार्ग राहत नाहीं. माणसें सहसा रस्त्याजवळ, गांवाजवळ हिंडतात, म्हणून पक्षीहि रस्त्याजवळच राहतात, असा हास्यास्पद निष्कर्ष त्यांतून निघूं शकतो.

'नाहीं' या नोंदीचें मोल एका साध्या हिशोबानें समजेल. समजा, एका रानांत पोपट खरोखर आहेत, पण एका फेरींत ते नजरेस पडण्याचा संभव निम्माच आहे. तेथें एकदांच जाऊन येणारा मनुष्य दोहोंत एकदां फसेल. दोन फेऱ्या केल्या, तर फसण्याचा संभव चारांत एक एवढा उरेल. तीन केल्या, तर आठांत एक. म्हणजे 'येथें पोपट नाहींत' हें विधान एका नजरेनें करावयाचें नसतें. तें पुन्हां पुन्हां जाऊन मिळवावें लागतें. एकानें लिहिलेला 'नाहीं' दुर्बळ असतो. अनेकांनीं अनेक वर्षें लिहिलेल्या 'नाहीं'मुळें मात्र, ज्या वर्षीं 'आहे' असें लिहिलें जातें, त्या वर्षाचा अर्थ उलगडतो. आंतल्या भागांत दुष्काळ आणि किनाऱ्यावर थवे, हा संबंध असाच जुळला.

लोकांच्या नोंदींवर विश्वास किती ठेवावा, हा आक्षेप नेहमीं निघतो, आणि तो निराधार नाहीं. चपळ पोपट ज्या झाडावर येतो, त्याच झाडावर लोरिकीट नांवाचे दुसरे लहान हिरवे पोपटहि येतात; त्यांचीहि तोंडें रंगीत असतात, व तेहि मकरंदच खातात. उंच शेंड्यावर, पानांच्या गर्दींत, एकाला दुसरा समजणें अगदीं सोपें आहे. याला उपाय शिक्षणाचा. लांब निमुळती शेंपूट पाहावी, पंख उघडतांच आंतील लाल रंग पाहावा, आणि मुख्य म्हणजे धातूवर टिचकी मारल्यासारखा 'किक्-किक्' असा आवाज ओळखावयास शिकावें. छायाचित्र किंवा आवाजाचें ध्वनिमुद्रण जोडलें, तर जाणत्यांना पडताळा घेतां येतो. ज्याला खात्री नसेल, त्यानें 'खात्री नाहीं' असेंच लिहावें. शास्त्राच्या कामीं अज्ञान चालतें, पण खोटी खात्री चालत नाहीं.

अशा रीतीनें पांखरांचीं गांवें कळत गेलीं, तेव्हां त्यांच्या संकटांचाहि उलगडा होऊं लागला. व्हिक्टोरियांतील ज्या जंगलांत हे पोपट हिवाळा काढतात, तीं जंगलें १८५० नंतरच्या सोन्याच्या हव्यासांत खाणींच्या लाकडासाठीं व जळणासाठीं मोठ्या प्रमाणांत तोडलीं गेलीं. जीं उरलीं त्यांत जुने, भरपूर मकरंद देणारे वृक्ष थोडे आहेत. टास्मानियांत ढोली असलेल्या जुन्या झाडांवरहि कुऱ्हाड चालत आली. ढोल कांहीं दहा-वीस वर्षांत तयार होत नाहीं. तिला शतकाहून अधिक काळ लागतो. त्यांत आणखी एक शत्रु उघडकीस आला. शुगर ग्लायडर म्हणून खारीएवढा एक प्राणी आहे. तो कांगारूप्रमाणें पिलें पोटाच्या पिशवींत वाढवितो, आणि पाय पसरून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तरंगत जातो. टास्मानियांत तो बहुधा एकोणिसाव्या शतकांत माणसांनीं नेला. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीच्या अभ्यासकांनीं २०१४ सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत दाखविलें कीं, हा प्राणी रात्रीं ढोलींत शिरून अंड्यांवर बसलेल्या मादीलाच मारतो. ज्या बेटांवर हा प्राणी नाहीं, तेथील घरटीं यांतून वांचतात. पण बहर कोणत्या वर्षीं कोठें येईल, हें पांखरांच्या हातीं नाहीं. बहर जर मोठ्या बेटावर आला, तर तीं शत्रूच्या दारांतच घर मांडतात. २०१५ सालीं या जातीची गणना अत्यंत संकटग्रस्त वर्गांत झाली. आज तिची संख्या हजारांत नव्हे, शेंकड्यांत मोजावी लागेल, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

याच सामुद्रधुनीवरून जाणारा दुसरा एक पोपट याहूनहि दुर्मिळ आहे. त्याचें पोट नारिंगी असतें. तो टास्मानियाच्या नैर्ऋत्येस मेललूका नांवाच्या निर्जन जागीं वीण करितो, आणि हिवाळ्यांत समोरच्या मुख्य भूमीवरील खाऱ्या दलदलींत बिया टिपीत राहतो. मेललूकाला मोटाररस्ता नाहीं. लहान विमानानें, नावेनें, नाहीं तर कित्येक दिवस पायीं चालून तेथें पोंचावें लागतें. डेनी किंग नांवाचा एक गृहस्थ तेथें कथील खणीत अनेक दशकें राहिला, आणि कोणतीहि पदवी नसतां त्यानें तेथील वनस्पतींचे नमुने गोळा केले व पक्षी न्याहाळले. एका दुर्मिळ झुडुपाला आज त्याचेंच नांव आहे. आतां तेथें उन्हाळ्यांत स्वयंसेवक पाळीपाळीनें राहतात, आणि दाणे खावयास येणाऱ्या प्रत्येक पोपटाच्या पायांतील रंगीत कडीं वाचून कोण परतलें व कोण नाहीं, याची हजेरी मांडतात. २०१६ सालीं या हजेरींत अवघे १७ पक्षी लागले. माद्या तर एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. पिंजऱ्यांत वाढविलेलीं पांखरें रानांत सोडण्याचा उद्योग त्यानंतर अधिक नेटानें चालला, आणि २०२२ च्या सुमारास परतणाऱ्यांचा आंकडा सत्तरीच्या घरांत गेला. हजेरी ठेविली नसती, तर हा उद्योग फळला कीं फसला, हेंहि कोणास कळलें नसतें.

मात्र एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. मोजल्यानें पांखरूं वांचत नाहीं. लोकांनीं कितीहि वह्या भरल्या, तरी झाड तुटलें म्हणजे तुटलें. वह्यांचा उपयोग तें झाड तुटण्यापूर्वीं व्हावयास हवा. एखादें रान तोडावयाचें किंवा तेथें वस्ती करावयाची ठरली, म्हणजे 'तेथें हल्लीं पोपट कोठें दिसतात?' असा युक्तिवाद केला जातो. ज्या पांखरांचें घर दरवर्षीं बदलतें, त्यांच्या बाबतींत हा युक्तिवाद फार घातक आहे. कारण आज रिकामें दिसणारें रान हें त्यांचें दुष्काळांतलें कोठार असूं शकतें. या प्रश्नाला उत्तर द्यावयाचें, तर वीस-पंचवीस वर्षांचीं टिपणें पुढें ठेवावीं लागतात. तीं टिपणें सरकारी कचेरींत आपोआप तयार होत नसतात. तीं थंडींत उभ्या राहिलेल्या माणसांनीं लिहिलेलीं असतात.

आपल्याकडे हा प्रश्न इतक्या टोंकाला गेलेला नाहीं. पण आपल्याकडील पोपटहि सर्वच स्थिर नाहींत. हिमालयांतील राखी डोक्याचा पोपट हिवाळ्यांत वरच्या जंगलांतून खालच्या दऱ्यांत उतरतो. आणि लोकांच्या नोंदींतून शास्त्र उभें करण्याची रीत आतां आपल्याकडेहि रुजली आहे. २०२३ सालीं भारतांतील पक्ष्यांच्या स्थितीविषयीं जो अहवाल निघाला, त्याला आधार होता तो सुमारें ३०,००० पक्षिनिरीक्षकांनीं केलेल्या जवळजवळ ३ कोटि नोंदींचा. डॉ. सलीम अली यांनीं नभोवाणीवरून पक्ष्यांविषयीं अनेक भाषणें दिलीं होतीं. पक्षी पाहण्याची आवड घराघरांत पोंचावी, ही त्यांची धडपड होती. तिला आलेलें हें फळ म्हणावयास हरकत नाहीं.

तेव्हां श्रोतेहो, उद्यां संध्याकाळीं गच्चीवर गेल्यावर पोपटांचा थवा दिसला, तर तारीख, वेळ, अदमासें संख्या आणि दिशा एवढें वहींत लिहून ठेवा. ते कोणत्या झाडावर उतरतात, त्या झाडाला त्या वेळीं फूल आहे कीं फळ, तेंहि लिहा. मुलांना या कामांत घ्या. त्यांची दृष्टि आपल्याहून तीक्ष्ण असते, आणि त्यांना कंटाळा येण्यापूर्वीं वर्ष सरूनहि जातें. आणि ज्या संध्याकाळीं एकहि पोपट आला नाहीं, त्या संध्याकाळचीहि तारीख घालून पुढें 'एकहि नाहीं' असें लिहावयास विसरूं नका.